साथीचे रोग आणि ख्रिस्ती मंडळीचे नैतिक मार्गदर्शन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले होते. विद्यार्थ्याने उत्तर दिले की गुरुजी लगेच शाबासकी देत नसत. ते शांतपणे विचारीत, "हे तुला कशावरून कळले?" तो प्रश्न मनाशी बाळगूनच मी आजच्या विषयाची तयारी केली आहे. जे नक्की ठाऊक आहे तेवढेच आपल्यापुढे मांडावे, असा माझा प्रयत्न राहील.

मोहगावसारख्या गावात, जिथे ख्रिस्ती घरे शोधावीच लागतील, तिथे साथीच्या काळातील ख्रिस्ती मंडळीच्या वर्तनावर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. मी स्वतः ख्रिस्ती नाही. मग हा विषय मी का निवडला, हे आधी सांगितले पाहिजे.

एप्रिल २०२१ मधील गोष्ट. करोनाची दुसरी लाट भरात होती. आपल्या भागातील एका गावी एक वृद्ध गृहस्थ वारले. ते करोनानेच वारले की आणखी कशाने, हे कोणालाच माहीत नव्हते, कारण त्यांची तपासणीच झालेली नव्हती. घरात दोन मुलगे व एक जावई होते. तिरडीला चौथा खांदा मिळेना. ज्या गावात एरवी अंत्ययात्रेला शंभर माणसे सहज जमतात, तिथे दारे लोटलेली होती. अखेरीस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून त्यांना स्मशानात नेण्यात आले. मी त्या दिवशी त्या गावात होतो. तोंडाला पट्टी बांधून एका ओट्यावर उभा होतो. मी पुढे झालो नाही. नियमाप्रमाणे वागलो, अशी मनाची समजूत घातली. पण नियमाने चार माणसांना खांदा देण्याची मनाई केलेली नव्हती, हेही मला माहीत होते.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझा पाठलाग करीत आहे. साथीत 'दूर राहा' असे वैद्य सांगतो, आणि ते बरोबरच असते. 'जवळ जा' असे धर्म सांगतो, आणि तेही खोटे नसते. मग माणसाने करावे काय? या प्रश्नाशी ज्यांनी दीर्घकाळ झुंज दिली आणि ज्यांच्या यशापयशाची लेखी नोंद उपलब्ध आहे, अशा समाजांमध्ये ख्रिस्ती मंडळीचा क्रम वरचा लागतो. म्हणून हा विषय.

येथे एक खुलासा करतो. 'चर्च' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच मनोऱ्याची इमारत येते. परंतु त्या शब्दाचा एक अर्थ श्रद्धावंतांचा समुदाय, म्हणजेच 'मंडळी' असाही आहे. मराठी ख्रिस्ती लोकांनी हा शब्द फार योग्य योजला आहे. साथीच्या काळात या मंडळीपुढे चार प्रश्न उभे राहिले. रोग कोणाच्या पापामुळे आला? कोणी थांबावे आणि कोणी जावे? सत्तेला काय सांगावे? आणि उपासनेचे व मृतांचे काय करावे? या चार प्रश्नांच्या क्रमानेच मी बोलणार आहे.

पाप कोणाचे?

साथ आली की माणूस प्रथम कारण शोधतो, आणि जंतू दिसत नाही म्हणून माणसाकडे बोट दाखवतो. आपल्याकडे महारोग झालेल्या माणसाला 'पूर्वजन्मीचे पाप फेडतो आहे' असे म्हणण्याची रीत होती. मी लहान असताना गावाच्या शिवेजवळ अशा एका माणसाची झोपडी होती. त्याला पाणी द्यायचे ते वरून ओंजळीत ओतून, भाकरी द्यायची ती दगडावर ठेवून. देणारी माणसे वाईट नव्हती. ती दयाळूच होती. पण त्या दयेला हाताचा स्पर्श ठाऊक नव्हता.

नव्या करारातील योहानाच्या शुभवर्तमानात नेमका हाच प्रश्न आला आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात की पाप याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही शक्यता नाकारतो आणि त्या माणसाला बरे करतो. दुसऱ्या एका प्रसंगी तो महारोग्याला हात लावून बरे करतो, असे मार्काच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. ज्या समाजात त्या रोग्याला शिवणे निषिद्ध होते, तिथे या कृतीचा अर्थ किती मोठा होता हे वेगळे सांगायला नको.

मात्र धर्मसंस्थापक जे सांगतो ते अनुयायी नेहमीच ऐकतात असे नाही. जुन्या करारातील लेवीय पुस्तकात त्वचारोग झालेल्यास वस्तीबाहेर राहायला लावण्याचे नियम आहेत. त्या नियमांचा आधार घेऊन मध्ययुगीन युरोपने महारोग्यांना समाजातून बाहेर काढले. १३४८ च्या सुमारास युरोपात प्लेगचा कहर झाला, तेव्हा हा देवाचा कोप आहे असे मानून लोक स्वतःला फटके मारीत गावोगाव हिंडले, आणि विहिरींत विष कालवल्याचा आळ घेऊन यहुदी लोकांची कत्तल करण्यात आली. त्या वेळी पोप सहावे क्लेमेंट यांनी फर्माने काढून हा आळ खोटा असल्याचे सांगितले. प्लेगने यहुदीही मरत आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. तरीही १३४९ मध्ये स्ट्रासबर्ग शहरात हत्याकांड झालेच. योग्य वाणी उच्चारली गेली, पण ती गल्लीपर्यंत पोहोचली नाही. नैतिक मार्गदर्शनाची ही पहिली अडचण होय.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. महारोगाचा जंतू नॉर्वेतील आर्मावर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. त्याच्या पुढच्याच वर्षी वेलस्ली बेली या आयरिश गृहस्थांनी महारोग्यांसाठी एक मिशन स्थापन केले. बेली यांनी हे दुःख प्रथम पाहिले ते पंजाबात, अंबाल्याला. या कार्याच्या शाखा पुढे आपल्या अगदी जवळ आल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी, अचलपूरजवळ कोठारा येथे महारोग्यांचे मोठे केंद्र उभे राहिले. त्या काळच्या मध्यप्रांतात चांपा येथे मेनोनाइट मिशनने तसेच केंद्र चालवले. ज्यांना गावाने शिवेबाहेर काढले, त्यांच्या जखमा धुणारे हात तिथे होते. स्पर्श करता येतो, हे समाजाने प्रथम तिथे पाहिले.

परंतु गुरुजींच्या प्रश्नाला स्मरून याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या आश्रमांत स्त्री-पुरुषांना वेगळे ठेवीत, आणि निरोगी मुलांना आईबापांपासून दूर वाढवीत. १८९८ च्या लेपर्स ॲक्टने तर निर्धन रोग्याला पकडून आश्रमात डांबण्याची सोय केली. करुणा होती, पण रोग्याचे स्वतःचे मत विचारण्याची पद्धत नव्हती. आपल्या विदर्भात पुढे मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीच्या तपोवनात आणि बाबा आमटे यांनी वरोऱ्याच्या आनंदवनात रोग्याला कामकरी, कमावता नागरिक मानले, तेव्हा या विचाराने एक पाऊल पुढे टाकले. ख्रिस्ती मंडळीने पेटवलेला दिवा इतरांनी हाती घेतला आणि त्याची वात अधिक उजळ केली, असे मी म्हणेन.

आज औषधांनी हा रोग पूर्ण बरा होतो. बहुविध औषधोपचार १९८० च्या दशकात आले. राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट भारताने २००५ च्या अखेरीस गाठले. तरीही महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यांत २०१९ पर्यंत टिकून होते. हिंदूंच्या विवाह कायद्यात होते, तसेच ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या घटस्फोटाच्या कायद्यातही होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. जंतू शरीरातून लवकर जातो. मनातून व कायद्यातून जायला त्याला फार वेळ लागतो.

थांबायचे कोणी?

दुसरा प्रश्न कर्तव्याचा. तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमन साम्राज्यात भीषण साथ पसरली. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीचे बिशप सिप्रियन यांनी आपल्या लोकांना सांगितले की केवळ स्वकीयांची शुश्रूषा करण्यात विशेष काही नाही; परक्यांची, वैऱ्यांचीही करा. त्या वेळी ख्रिस्ती लोकांचा राजसत्तेकडून छळ होत होता, हे ध्यानी घेतले म्हणजे या उपदेशाचे मोल कळते.

याहून मला अधिक उपयोगी वाटते ते मार्टिन ल्यूथर यांचे १५२७ मधील पत्र. विटेनबर्गमध्ये प्लेग आला होता. विद्यापीठ येना गावी हलवण्यात आले, ल्यूथर मात्र मागे राहिले व त्यांनी रोग्यांना आपल्या घरात घेतले. ब्रेस्लाउ येथील धर्मोपदेशक योहान हेस यांनी त्यांना विचारले होते की प्लेगपासून पळून जाणे ख्रिस्ती माणसाला शोभते का? ल्यूथर यांचे उत्तर सरसकट नाही. ज्यांच्यावर इतरांचा भार आहे, म्हणजे पाळक, नगराचे अधिकारी, वैद्य, मालक आणि आईबाप, त्यांनी जागा सोडू नये. मात्र ज्यांची जबाबदारी घ्यायला दुसरे कोणी आहे, त्यांनी जीव वाचवण्यासाठी जाण्यात पाप नाही. पुढे ते असेही बजावतात की औषध न घेणे, घर शुद्ध न करणे, गरज नसता लोकांत मिसळून रोग पसरवणे ही श्रद्धा नव्हे. तो देवाची परीक्षा पाहण्याचा उद्दामपणा आहे.

मित्रहो, पाचशे वर्षांपूर्वीच्या या उत्तरात माझ्या ओट्यावरच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. 'दूर राहा' आणि 'जवळ जा' या आज्ञा परस्परविरोधी नाहीत. गरज नाही तिथे दूर राहायचे, ते यासाठी की गरज असेल तिथे जवळ जाता यावे. चौथा खांदा ही गरज होती.

ल्यूथर यांचे नाव आपल्या जिल्ह्याला परके नाही, हेही येथे नमूद करतो. त्यांच्या परंपरेतील स्वीडिश मिशन १८७७ मध्ये मध्यप्रांतात आले, आणि त्यातून वाढलेल्या मध्यप्रदेशच्या लूथरन मंडळीचे मुख्य केंद्र छिंदवाड्याला आहे. शेजारच्या बैतूल जिल्ह्यातील पाढर येथे डॉ. क्लेमेंट मॉस यांनी १९५८ मध्ये सुरू केलेले रुग्णालय याच मंडळीचे. सिवनी जिल्ह्यात लखनादौनला ख्रिस्ती रुग्णालय आहे. नागपूरला सीताबर्डीवर स्कॉटिश मिशनने स्त्रियांसाठी काढलेले मूर मेमोरियल आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. दक्षिण महाराष्ट्रात डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उघडले आणि पुढे ते गाव वैद्यकीचे क्षेत्रच झाले. या सर्व ठिकाणी नैतिक मार्गदर्शन व्यासपीठावरून झाले नाही. डॉक्टर आणि परिचारिका खेड्यात राहिल्या, हाच तिथला उपदेश होता.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा कॅथॉलिक व प्रोटेस्टंट रुग्णालयांच्या संघटनांनी एकत्र येऊन आपली हजाराहून अधिक रुग्णालये आणि सुमारे साठ हजार खाटा सरकारच्या हवाली करण्याची तयारी पंतप्रधानांना कळवली. यांतील कॅथॉलिक संघटना १९४३ मध्ये गुंटूर येथे डॉ. मेरी ग्लोरी या ऑस्ट्रेलियन संन्यासिनीच्या पुढाकाराने जन्माला आली होती. थांबण्याची सवय साथीच्या दिवशी लागत नाही. ती पिढ्यान्पिढ्या लावून घ्यावी लागते.

सत्तेला काय सांगावे?

साथीत सरकारला कठोर व्हावे लागते आणि कठोरतेला अन्यायाची सीमा फार जवळ असते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टरांनी. लोकांना न आवडणारे सत्य निर्भयपणे सांगणे हेदेखील नैतिक कार्यच होय. त्यानंतर ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. हाच कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढण्यात आला, आणि त्याच वर्षी डॉक्टर-परिचारिकांवर हल्ले करणाऱ्यांस शिक्षा देणारी दुरुस्ती त्यात झाली.

पुण्यात १८९७ मध्ये प्लेग समितीचे प्रमुख रँड होते. सोजिरांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या, बायामाणसांची विटंबना झाल्याच्या तक्रारी झाल्या, आणि २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. हा इतिहास आपण शाळेत शिकलो. परंतु त्याच वर्षी मे महिन्यात पंडिता रमाबाईंनी काय केले, हे आपल्याला क्वचितच सांगितले जाते.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या होत्या. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते आणि मिशनरी मंडळी त्यांच्या संस्थेची आधारस्तंभ होती. गप्प बसण्याची सर्व कारणे त्यांच्यापाशी होती. तरीही 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहून त्यांनी प्लेगच्या रुग्णालयात व छावणीत स्त्रियांची सुरक्षितता कशी धोक्यात आहे, हे आपल्या संस्थेतील मुलींच्या अनुभवावरून उघड केले. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. पुण्यातील अत्याचारांविषयी इंग्लंडात बोललेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना पुराव्याअभावी परत आल्यावर माफी मागावी लागली; त्यावरून त्या वेळी असे बोलण्याची किंमत काय होती, ते कळेल.

रमाबाईंचे आपल्या प्रांताशीही नाते आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात हिंडल्या आणि निराधार झालेल्या सुमारे तीनशे मुली व बालविधवांना त्यांनी आपल्याकडे नेले. स्वतः त्यांनी दुष्काळात आईबाप गमावले होते. केडगावचे मुक्ति सदन अशा मुलींनी भरले. म्हणजे १८९७ या एकाच वर्षी या बाईंनी दुष्काळातून मुली वाचवल्या आणि प्लेगच्या छावणीतील मुलींसाठी सत्तेला जाब विचारला. तेच वर्ष आणखी एका कारणाने स्मरणात ठेवावे. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. दोघींचे धर्म भिन्न होते, परंतु रोग्यापासून त्यांचे अंतर सारखेच कमी होते.

सत्तेपुढे मंडळी सदैव अशी उभी राहिली, असे मात्र म्हणता येत नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या ख्रिस्ती तरुणाला एचआयव्हीची लागण आढळली म्हणून म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात चौसष्ट दिवस डांबण्यात आले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. त्याच्यासाठी झगडले ते त्याची आई, मित्र आणि वकील. उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने ती तरतूद वैध ठरवली. डॉमिनिकने पुढे बाधितांसाठी संस्था काढली आणि १९९२ मध्ये तो वारला. भारतातील कॅथॉलिक मंडळीने एचआयव्हीबाधितांविषयीचे आपले धोरण २००५ मध्ये जाहीर केले. करुणा आणि शुश्रूषा हे त्याचे सूत्र होते. निरोधाच्या वापराविषयीचे चर्चचे जागतिक मत मात्र आरोग्यसेवकांना अडचणीचे वाटत राहिले. शील आणि जीव यांत आधी काय, हा वाद तिथे दीर्घकाळ चालला. २०१७ मध्ये एचआयव्हीबाधितांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा आपल्या संसदेने केला. डॉमिनिकच्या आईने मागितलेले ते हेच होते.

उपासना आणि मृतांचा सन्मान

मुंबईत वांद्रे, खार, गिरगाव या भागांत रस्त्याच्या कडेला जुने दगडी क्रूस दिसतात. त्यांपैकी अनेक प्लेगच्या वर्षांतील आहेत. मराठी बोली बोलणाऱ्या ईस्ट इंडियन समाजाने ते साथ टळावी म्हणून उभारले. आपल्याकडे पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडीत. दोहोंमागची भीती एकच, आणि आशाही एकच. त्याला हसणे सोपे आहे. पण घाबरलेल्या माणसांना एकत्र उभे राहायला जागा लागते, एवढे त्यातून समजून घ्यावे. मात्र अशी जागा स्वतःच रोगाचे घर होऊ शकते. फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण कोरियातील देगू शहरात एका पंथाच्या प्रार्थनासभेतून करोना वेगाने पसरला. अमेरिकेत काही मंडळ्यांनी गर्दीवरील निर्बंधांविरुद्ध न्यायालयात दाद मागितली.

मुंबईच्या महाधर्मप्रांताने मार्च २०२० मध्येच सार्वजनिक मिस्सा थांबवल्या. त्या वर्षी १२ एप्रिलचा ईस्टर घराघरांत, बंद दारांआड साजरा झाला. ज्या धर्मात एकत्र येऊन भाकरी मोडणे हाच उपासनेचा गाभा, त्याने तो गाभाच काही काळ स्थगित ठेवला. शेजाऱ्याच्या प्राणासाठी उपासना थांबवणे हीदेखील उपासना होय, असा त्याचा अर्थ मी लावतो.

मृतांच्या बाबतीत एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. केरळमधील आलप्पुळा हा समुद्रकाठचा सखल प्रदेश. करोनाने मेलेल्यांस खोल खड्ड्यात पुरावे असा नियम होता. पण तिथे थोडे खणले की पाणी लागते. जुलै २०२० मध्ये तेथील लॅटिन कॅथॉलिक धर्मप्रांताने दहनाला मान्यता दिली. चर्चच्याच दफनभूमीत दहन करून अस्थी तिथेच पुरण्याची व्यवस्था झाली. कॅथॉलिक चर्चने दहनाला १९६३ पासून मुभा दिली असली, तरी ख्रिस्ती कुटुंबाला ते सहजी रुचणारे नव्हते. बिशपांनी नियमावर बोट ठेवून प्रेत रखडू दिले नाही, आणि लोकांच्या भावनाही तुडवल्या नाहीत. आपल्याच परंपरेत त्यांनी वाट शोधली. धर्माधिकाऱ्याने असाच निर्णय द्यायचा असतो.

लसीविषयीही असेच घडले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या कोविशील्डसारख्या काही लसींच्या विकासात वा निर्मितीत, अनेक दशकांपूर्वीच्या गर्भपातातून मिळालेल्या पेशींच्या वंशजांचा उपयोग झाला होता. गर्भपात पाप मानणाऱ्यांपुढे पेच पडला. २१ डिसेंबर २०२० रोजी व्हॅटिकनने स्पष्ट केले की दुसरी निर्दोष लस उपलब्ध नसेल तर अशी लस घेणे नैतिकदृष्ट्या मान्य आहे. लस स्वेच्छेने घ्यावी, पण दुर्बलांच्या रक्षणाचे कर्तव्य विसरू नये, असेही त्यात म्हटले होते. शंका घेणाऱ्याला मूर्ख न म्हणता त्याच्या शंकेचे उत्तर देणे, ही पद्धत आपल्या आरोग्यखात्यानेही अभ्यासण्यासारखी आहे.

सेवेमागचा हेतू

एक प्रश्न आपल्यापैकी कित्येकांच्या मनात असेल, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ही सेवा धर्मांतरासाठी होती का? आपल्या जुन्या मध्यप्रदेशच्या सरकारनेच १९५४ मध्ये डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५६ च्या अहवालात तिने दवाखाने व शाळा यांचा उपयोग धर्मांतरासाठी होतो असा ठपका ठेवला. ख्रिस्ती पुढाऱ्यांनी हा अहवाल एकांगी म्हणून नाकारला. तो वाद आजही शमलेला नाही.

माझे मत मी नम्रपणे सांगतो. दुखणाईत माणूस दुबळा असतो. त्याच्या दुबळेपणाचा सौदा करणारी सेवा, मग ती कोणत्याही धर्माची असो, सेवा उरत नाही. जिथे असे घडले तिथे ते गैरच होते. पण केवळ संशयापोटी जखम धुणाऱ्या सर्व हातांना नाकारणे हाही अन्याय आहे. विशेषतः तेव्हा, जेव्हा ती जखम धुवायला आपण स्वतः पुढे झालेलो नसतो. कसोटी सोपी आहे. रोगी बरा होऊन घरी जाताना होता तसा, आपल्या श्रद्धेसह आणि अधिक ताठ मानेने गेला का? गेला असेल, तर ती सेवा खरी.

समारोप

बंधुभगिनींनो, या दीर्घ इतिहासातून मला एकच गोष्ट हाती लागली. साथीच्या काळात धर्मसंस्थेचे शब्द खरे ठरले ते तेव्हाच, जेव्हा त्यांची किंमत तिने स्वतः मोजली. सिप्रियन यांचे अनुयायी वैऱ्याच्या उशाशी बसले, ल्यूथर विटेनबर्गला राहिले, रमाबाईंनी आपल्याच धर्माच्या सत्तेचा रोष ओढवून घेतला. उलट, जिथे किंमत दुसऱ्याने मोजली, म्हणजे यहुद्याने, महारोग्याने किंवा डॉमिनिकने, तिथे मार्गदर्शन चुकले किंवा उशिरा आले. ही कसोटी केवळ चर्चला लागू नाही. ती देवळाला, मशिदीला, विहाराला, ग्रामपंचायतीला आणि या शाळेलाही लागू आहे.

२०२३ मध्ये आपला पांढुर्णा जिल्हा नवा झाला. तरीही मोठे दुखणे आले की आपण आजही नागपूरची वाट धरतो. पुढची साथ कधी येईल, कोणी सांगावे? पण ती आली तर कोणी थांबायचे, हे साथ येण्यापूर्वी ठरवता येते. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. दर वाडीतून चार नावे लिहून ठेवा. आजाऱ्याला डबा पोहोचवणारी, औषध आणून देणारी, आणि वेळ आली तर तोंडाला पट्टी बांधून, हात धुऊन, खांदा देणारी चार माणसे. त्यांत धर्म, जात, पक्ष पाहू नका. त्या यादीत पहिले नाव माझे लिहा. वय झाले आहे, पण खांदा अजून शाबूत आहे.

गुरुजी आज असते तर त्यांनी विचारले असते, "हे तुला कशावरून कळले?" मी सांगितले असते, "गुरुजी, थोडे पुस्तकांवरून. आणि बरेचसे त्या दिवशी ओट्यावरून न उतरल्यामुळे."